ग्रंथालयाचे दार महाजालावर कधी उघडणार?

प्रतिनिधी

रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल आणि बँकेचे व्यवहार घरबसल्या करणाऱ्या शहरी वाचकाला आपल्या वाचनालयात एखादे पुस्तक आहे की नाही, एवढे जाणून घेण्यासाठी आजही बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष जावे लागते. गेल्यावर कळते की, पुस्तक बाहेर गेले आहे. कधी परत येईल, ते सांगता येत नाही. दोन-तीन खेपा वाया गेल्या की वाचक वर्गणी भरणे थांबवतो. पुस्तके फळीवर राहतात आणि 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात अनेकदा वाचकाची ओढ टिकून असते, त्याला पुस्तकापर्यंत नेणारी वाट तेवढी नसते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतील चौथा सिद्धान्त 'वाचकाचा वेळ वाचवा' असे सांगतो. संगणक नसलेल्या काळात सांगितलेले हे तत्त्व आज ग्रंथालयाच्या संकेतस्थळाला कसोटी म्हणून लावता येते. ज्या संकेतस्थळामुळे वाचकाची एक खेप वाचत नाही, त्यावर केलेला खर्च व्यर्थ समजावा.

समृद्ध परंपरा, अर्धवट संगणकीकरण

महाराष्ट्राची ग्रंथालय परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. पुढे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे या चळवळीला शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या आज अकरा हजारांच्या वर आहे. मात्र त्यांतील बहुसंख्य ग्रंथालये 'क' आणि 'ड' वर्गांतील आहेत. तुटपुंजे अनुदान, एखाद-दुसरा कर्मचारी आणि दाखल नोंदवहीत हाताने लिहिलेल्या नोंदी, असे तेथील सर्वसाधारण चित्र असते.

या उणिवेची किंमत किती मोठी असू शकते, हे करोनाकाळात दिसले. मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातील ग्रंथालये ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडू शकली नाहीत. सक्तीने घरात बसलेल्या माणसांना पुस्तकांची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच काळात ज्या ग्रंथालयाला महाजालावर अस्तित्व नव्हते, त्याला आपल्या सभासदांशी संवाद साधण्याचा मार्गच उरला नाही.

वाचक काय शोधतो?

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर येणाऱ्या वाचकाचे प्रश्न मोजके असतात. ग्रंथालय आज किती वाजेपर्यंत उघडे आहे? मला हवे असलेले पुस्तक तेथे आहे का? असल्यास ते आत्ता फळीवर आहे की बाहेर गेले आहे? मी नेलेले पुस्तक कधी परत करायचे? सभासद होण्यासाठी अनामत आणि वर्गणी किती?

अनेक ग्रंथालयांच्या मुखपृष्ठावर मात्र अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणीची छायाचित्रे, वर्धापनदिनाचा वृत्तान्त आणि सरकत जाणारी 'सुस्वागतम्'ची ओळ असते. संस्थेचा इतिहास महत्त्वाचा असतो यात शंका नाही, पण त्याची जागा आतल्या पानावर आहे. वेळ, पत्ता, दूरध्वनी आणि पुस्तक शोधण्याची चौकट या चार गोष्टी पहिल्याच पडद्यावर, शोधाशोध न करता दिसल्या पाहिजेत. हे पान मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नीट वाचता येणेही तितकेच आवश्यक आहे, कारण घरात संगणक नसलेल्या वाचकाच्या हातातही आज मोबाइल असतो.

तालिका हाच कणा

संकेतस्थळाचा कणा म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन तालिका. ग्रंथालयाच्या परिभाषेत तिला 'वेब-ओपॅक' म्हणतात. जुन्या लाकडी कपाटांतील तालिकापत्रांवर ग्रंथनाम, लेखक, वर्गांक आणि दाखल क्रमांक लिहिलेले असत. तीच माहिती संगणकात भरली आणि ती देवघेव विभागाच्या नोंदींशी जोडली, की पुस्तक आहे का आणि कोठे आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वाचकाला घरी मिळतात. बाहेर गेलेल्या पुस्तकासाठी मागणी नोंदवता येते आणि परतीची मुदत वाढवून घेता येते.

यासाठी लाखोंचा खर्च येतो, हा समज खरा नाही. 'कोहा' ही ग्रंथालय संगणकप्रणाली याचे उत्तम उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयांपुढे १९९९ मध्ये पेच उभा राहिला होता. त्यांची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती आणि बाजारातील नव्या प्रणाली परवडणाऱ्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी एका स्थानिक संगणक कंपनीकडून स्वतःची प्रणाली तयार करून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कार्यान्वित झाली आणि पुढे ती सर्वांसाठी मुक्त करण्यात आली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच 'भेट' असा आहे. आज जगभरातील ग्रंथालये ही प्रणाली वापरतात. भारतातही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजेच एनआयसीची, 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली २००३ पासून उपलब्ध आहे.

अर्थात प्रणाली मोफत मिळाली, तरी सर्व्हर, देखभाल आणि मुख्य म्हणजे हजारो पुस्तकांच्या नोंदी भरण्याचे कष्ट मोफत नसतात. खरा खर्च येथे आहे आणि अंदाजपत्रकात नेमका तोच विसरला जातो.

मराठीची खास अडचण

इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी अनेकदा दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून जशाच्या तशा उतरवून घेता येतात. जुन्या मराठी पुस्तकांना आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांकच नसतो, त्यामुळे हे काम हातानेच करावे लागते. त्यात आणखी तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण टंकांची. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही अनेक ग्रंथालयांनी नोंदी त्या-त्या कंपनीच्या मराठी टंकात भरल्या. तो टंक नसलेल्या संगणकावर या नोंदी म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग ठरते. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला, पण जुन्या नोंदी युनिकोडमध्ये बदलून एकेक तपासाव्या लागतात. युनिकोडमध्येही एक बारीक खोच आहे. 'ऱ्हास' किंवा 'दऱ्या' या शब्दांतील अर्धा 'र' दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. वाचकाला दोन्ही शब्द सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटतात. दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय प्रणालीत केली नसेल, तर पुस्तक कपाटात असूनही 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ च्या लेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते कायम आहेत. हरिभाऊ आपटे यांच्या प्रसिद्ध कादंबरीच्या नावात 'लक्षांत' लिहावे की 'लक्षात', यावर शोधाचे यशापयश ठरू नये. नोंद मूळ नावाप्रमाणेच हवी, पण शोध अनुस्वाराकडे काणाडोळा करणारा हवा.

तिसरी अडचण लेखकांच्या नावांची. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर या जोड्या मराठी वाचक जाणतो. संगणकाला त्या शिकवाव्या लागतात. 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' आणि रोमन लिपीतील 'देशपांडे' या सर्व वाटा एकाच लेखकापाशी पोहोचल्या पाहिजेत. प्रमाणित नावांची अशी यादी प्रत्येक ग्रंथालयाने स्वतंत्रपणे करण्यापेक्षा राज्यपातळीवर एकदाच तयार करून सर्वांना देणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाला साजेसे काम म्हणून या यादीकडे पाहता येईल.

डोळ्यांनी न वाचणारे वाचक

दृष्टिहीन वाचक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने संकेतस्थळ वापरतात. 'एनव्हीडीए'सारखी अशी प्रणाली मोफत उपलब्ध आहे. परंतु सूचना, वेळापत्रक किंवा नव्या पुस्तकांची यादी छायाचित्राच्या रूपात टाकली, तर ही प्रणाली मुकी होते. हे टाळायला पैसे लागत नाहीत. मजकूर हा मजकूर म्हणूनच ठेवावा, चित्राला शब्दांत वर्णन जोडावे आणि अक्षरे ठळक रंगात असावीत, एवढे पथ्य पुरेसे असते.

कायदाही या वाचकांच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ प्रत तयार करण्यास प्रताधिकार कायद्यात सूट आहे. याच हेतूने २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्याची नुसती माहिती आपल्या संकेतस्थळावर दिली, तरी ग्रंथालय एका उपेक्षित वाचकवर्गापर्यंत पोहोचू शकेल.

नवे तंत्रज्ञान : काय घ्यावे?

नव्या तंत्रज्ञानाच्या बाबतीत अमेरिकेतील ॲन आर्बर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचा अनुभव उद्बोधक आहे. या ग्रंथालयाने २००५ मध्ये संकेतस्थळाची फेररचना करून वाचकांना तेथे जाहीरपणे मत नोंदवण्याची मुभा दिली. २००७ मध्ये त्याच्या तालिकेत वाचक स्वतः पुस्तकाला अभिप्राय, गुण आणि विषयशब्द जोडू लागले. ग्रंथपालाने बनवलेली तालिका अशा रीतीने वाचकांच्याही मालकीची झाली. आपल्याकडे पुस्तकांवर हिरिरीने बोलणारा वाचक भरपूर आहे. त्याचे अभिप्राय तालिकेत आले, तर नवख्या वाचकाला वाट सापडेल.

पुस्तकांत बसवलेल्या आरएफआयडी पट्ट्यांमुळे देवघेव आणि साठा-तपासणी वेगाने होते. मात्र प्रत्येक प्रतीला पट्टी आणि शिवाय वाचकयंत्रे हा खर्च मोठ्या ग्रंथालयांनाच पेलतो. छोट्या ग्रंथालयाला साधा बारकोड पुरतो. त्याऐवजी परतीच्या तारखेची आठवण करून देणारा मोबाइल संदेश आणि यूपीआयने वर्गणी भरण्याची सोय केली, तर कमी खर्चात वाचकाची अधिक सोय होते.

दुर्मिळ पुस्तकांच्या डिजिटायझेशनला मात्र प्राधान्य हवे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी' या उपक्रमातून जुनी पुस्तके, वृत्तपत्रे आणि नकाशे महाजालावर आणले आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य प्रताधिकारमुक्त होते. १९१९ मध्ये निधन पावलेले हरिभाऊ आपटे किंवा १९५० मध्ये निधन पावलेले साने गुरुजी यांची पुस्तके त्यामुळे निर्धास्तपणे सर्वांना खुली करता येतात. पानांची नुसती छायाचित्रे न ठेवता त्यांतील अक्षरे संगणकाला ओळखता येतील अशी प्रक्रिया केली, तर मजकुरात शोधही घेता येतो. मराठी ओळखणारी 'टेसरॅक्ट'सारखी मुक्त प्रणाली त्यासाठी आहे. तिच्या चुका माणसाने तपासायला हव्यात, हे वेगळे सांगायला नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संवादयंत्र बसवण्याचा मोह आता अनेकांना होईल. ही यंत्रे अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही आत्मविश्वासाने सांगतात. म्हणून अशा यंत्राचे उत्तर ग्रंथालयाच्या स्वतःच्या तालिकेशी बांधलेले असावे. तालिकाच अपुरी असेल, तर त्यावर बसवलेले यंत्र शहाणे होणार नाही.

वाचकाचे गुपित

संगणकीकरणाबरोबर एक जबाबदारीही येते. कोणी कोणते पुस्तक नेले, ही माहिती व्यक्तीच्या आजाराबद्दल, श्रद्धेबद्दल वा राजकीय मतांबद्दल बरेच काही सांगून जाते. नोंदवहीतील अशी नोंद कपाटात बंद राहत असे, संगणकातील नोंद क्षणात बाहेर जाऊ शकते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये कायदा संमत झाला आहे. पुस्तक परत आल्यावर वाचकाचा पूर्वेतिहास जपायचा की पुसायचा, हे त्याला स्वतःला ठरवता आले पाहिजे. 'कोहा'मध्ये ही सोय आहे. सभासदांची यादी पत्ते आणि दूरध्वनींसह संकेतस्थळावर टाकण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळायला हवा.

सुरुवात कोठून?

हे सारे एका वर्षात व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पहिल्या टप्प्यात वेळ, पत्ता, वर्गणी आणि सुट्ट्या सांगणारे एक स्वच्छ युनिकोड मराठी पान तयार करावे. दुसऱ्या टप्प्यात, सर्वाधिक मागणी असलेल्या पुस्तकांपासून आरंभ करून तालिका भरावी. संपूर्ण संग्रहाची नोंद होईपर्यंत थांबू नये. तिसऱ्या टप्प्यात मागणी नोंदवणे, मुदतवाढ आणि स्मरणसंदेश यांची सोय करावी. प्रत्येक टप्प्यानंतर चार-पाच वाचकांना समोर बसवून, 'अमुक पुस्तक शोधून दाखवा' असे सांगावे. त्यात एखादे ज्येष्ठ नागरिक असावेत, एखादा शाळकरी मुलगा असावा. ते कोठे अडखळतात हे पाहिले, की पुढील सुधारणांची यादी आपोआप तयार होते.

शासनानेही अनुदानाच्या निकषांत पुस्तकसंख्येबरोबर ऑनलाइन तालिकेला स्थान द्यावे आणि तालुक्यातील छोट्या ग्रंथालयांसाठी सामाईक तांत्रिक व्यवस्था उभारावी. एकाच सर्व्हरवर तालुक्याची संयुक्त तालिका असेल, तर एका गावात नसलेले पुस्तक शेजारच्या गावात असल्याचे वाचकाला कळेल. परदेशात मराठी पुस्तकांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकालाही जिल्ह्याच्या गावी जपलेली एखादी दुर्मिळ प्रत सापडू शकेल. दीडशे-दोनशे वर्षे वाचकांनी आणि देणगीदारांनी जमवलेला हा ठेवा जगाच्या नजरेस पडण्यासाठी प्रथम त्याची नोंद दिसली पाहिजे. हे काम खर्चाचे कमी आणि चिकाटीचे अधिक आहे. अर्थात, ही ग्रंथालये ज्यांनी उभी केली त्यांच्याकडेही पैसा कमी आणि चिकाटीच अधिक होती.