घरगुती कचऱ्याची पोलीस झडती आणि खाजगीपणाचा हक्क : भिवंडी शहराच्या संदर्भात

घराच्या झडतीविषयी भारतीय कायद्यात सविस्तर तरतुदी आहेत; परंतु त्याच घरातून सकाळी बाहेर पडणाऱ्या कचऱ्याचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नाही. वस्तुतः औषधांची रिकामी वेष्टने, फाडलेली बँकेची पत्रे, तपासणीचे अहवाल आणि खरकटे यांवरून कुटुंबाचे आजार, कर्ज व आहार यांचा जितका बोध होतो, तितका दिवाणखान्याच्या पाहणीतूनही होणार नाही. यंत्रमागांच्या भिवंडीत, जेथे दाटीवाटीने राहणाऱ्या अनेक बिऱ्हाडांचा कचरा एकाच कुंडीत चिंध्यांसह पडतो, तेथे हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार वॉरंटाविना झडती घेताना तपास अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदविणे, पंच बोलावणे आणि झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आवश्यक आहे. हे संरक्षण मुख्यतः ‘जागे’भोवती उभे आहे. पिशवी उंबरठ्याबाहेर गेली की ते कोठवर पोहोचते, हे संहिता सांगत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर १९८८ साली ‘कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड’ खटल्यात मिळाले. लगुना बीच येथील पोलिसांनी नेहमीच्या कचरा गोळा करणाऱ्याकडूनच संशयिताच्या पिशव्या वेगळ्या मागवून घेतल्या होत्या. रस्त्याकडेला ठेवलेला कचरा जनावरे, मुले, कचरावेचक कोणीही उचकटू शकतात, शिवाय तो स्वेच्छेने त्रयस्थाच्या हाती दिलेला असतो. म्हणून त्याबाबत खाजगीपणाची अपेक्षा वाजवी नाही, असे सहा विरुद्ध दोन मतांनी ठरले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भिन्न मत नोंदविले.

हा युक्तिवाद भिवंडीत जसाच्या तसा लागू करता येणार नाही. कचरावेचक कुंडीत प्लॅस्टिक, भंगार, चिंधी शोधतो. माणूस शोधत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा स्वेच्छेचा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण करून कचरा अधिकृत संकलकाकडे सोपविण्याचे बंधन नागरिकांवर घातले. तो रस्त्यावर टाकण्यास, जाळण्यास वा पुरण्यास मनाई केली. जी वस्तू कायद्याच्या आज्ञेने सोपवावी लागते, ती ‘स्वेच्छेने त्यागलेली’ कशी म्हणावी? वर्गीकरण जितके काटेकोर, तितका तो कचरा वाचणाऱ्यास सुलभ, हेही येथे नमूद करावयास हवे. महानगरपालिका अधिनियमान्वये सार्वजनिक कुंडीतील कचरा महापालिकेच्या मालकीचा ठरतो, हे खरे. पण टपालपेटीत टाकलेले पत्रही टपाल खात्याच्या ताब्यात असते, म्हणून ते फोडून वाचण्याची मुभा कोणास मिळत नाही.

भारतीय न्यायनिर्णयांचा कलही याच दिशेचा आहे. कॅनरा बँक प्रकरणी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कागदपत्रे बँकेच्या हाती गेल्याने ग्राहकाचा खाजगीपणा संपत नाही, हा हक्क जागेचा नसून व्यक्तीचा आहे, अशी भूमिका घेतली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले.

महाराष्ट्रातील सर्वांत निकटचे उदाहरण मात्र स्वयंपाकघराचे आहे. २०१५ मध्ये अमलात आलेल्या प्राणी रक्षण (सुधारणा) अधिनियमातील कलम ५ड अन्वये परराज्यात कत्तल झालेल्या गाय, बैल वा वळूचे मांस बाळगणेही गुन्हा होता. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. अभय ओक व न्या. गुप्ते) राज्यातील कत्तलबंदी कायम ठेवली, परंतु घरात शिरून नागरिकास आवडीचे अन्न खाण्यापासून रोखणे हे खाजगीपणाचे उल्लंघन मानून कलम ५ड आणि सिद्धतेचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ब रद्द केले. या निकालाविरुद्ध शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पातेल्यात काय शिजते हे पाहण्यास जर मर्यादा असेल, तर त्याच पातेल्यातील हाड दुसऱ्या दिवशी पिशवीतून काढून तोच शोध घेणे ही पळवाटच ठरेल.

अडचण उपायाची आहे. पूरनमल प्रकरणातील १९७३ च्या निर्णयानुसार बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही. त्यामुळे चाळीतील रहिवाशाचा प्रत्यक्ष बचाव बहुधा खाजगीपणाच्या हक्कावर नव्हे, तर एका साध्या प्रश्नावर उभा राहतो : शेकडो बिऱ्हाडांच्या कुंडीतून काढलेली ती पिशवी नेमकी कोणत्या घराची, हे फिर्यादी पक्ष कसे सिद्ध करणार? दारोदार फिरणाऱ्या घंटागाडीत पिशवी थेट घरातून उचलली जाते, तेथे हा बचावही उरत नाही.