नारळी पौर्णिमा आणि एका जीर्ण नौकेचा उद्धार

श्रावण शुद्ध पौर्णिमा हा सागरपूजनाचा मंगल दिवस. आषाढ-श्रावणात खवळलेला दर्या या सुमारास शांत होऊ लागतो, वाऱ्याचा जोर ओसरतो आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौका पुन्हा पाण्याकडे तोंड करून उभ्या राहतात. कोळी बांधव वाजतगाजत बंदरावर येतात, सोनेरी कागदाने मढविलेला नारळ वरुणदेवाला अर्पण करतात आणि घरोघरी नारळीभाताचा नैवेद्य होतो. याच दिवशी कोणाकडे श्रावणी, तर कोणाकडे रक्षाबंधन. एकाच तिथीवर इतकी मंगल कृत्ये एकवटलेली क्वचितच आढळतात.

वरुण आणि नौका यांचा संबंध आपल्या परंपरेत फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पंचविसाव्या सूक्तात शुनःशेप वरुणाला आळवितो, तेव्हा आकाशातील पक्ष्यांची वाट आणि समुद्रावरील नौकांची वाट जाणणारा, असे त्या देवाचे वर्णन तो करतो. त्याच मंडलात समुद्रात बुडणाऱ्या भुज्यूला अश्विनीकुमारांनी शंभर वल्ह्यांच्या नौकेतून तारल्याची कथा आहे. शतपथ ब्राह्मणात मत्स्य मनूला नौका बांधून ठेवण्यास सांगतो आणि प्रलय येताच ती नौका त्याच्या शिंगाला बांधली जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देवाने मनूला तारले खरे. परंतु नौका मनूला स्वतःच बांधावी लागली.

हा विचार आम्ही कीर्तनातून अनेक वेळा मांडला. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हांस २०२४ च्या श्रावणात, आमच्या हरिहरेश्वर क्षेत्राजवळच्या एका कोळी घराने शिकविला. ती हकीकत आज सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या घरची नौका फायबरची. लांबी अठ्ठावीस फूट, वय वीस वर्षांच्या पुढे. वडिलांनी कर्ज काढून घेतलेली. वडील निवर्तल्यावर थोरल्या मुलाच्या हाती आली. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस समुद्रात मासेमारी करण्यास मनाई असते. त्या अवकाशात मुलाने नौकेला निळा-पांढरा रंग दिला, नाळेवर कुलस्वामिनीचे नाव नव्याने रेखाटून घेतले आणि आमच्याकडे येऊन म्हणाला, “शास्त्रीबुवा, पौर्णिमेचा मुहूर्त काढून द्या. त्याच दिवशी बोट लोटायची.” त्या वर्षी पौर्णिमा १९ ऑगस्टला, सोमवारी आली होती. शिवक्षेत्रात नारळी पौर्णिमा आणि श्रावणी सोमवार एकत्र, याहून उत्तम योग कोणता? आम्ही आनंदाने मुहूर्त लिहून दिला.

येथेच आमची चूक झाली. आम्ही पंचांग पाहिले. नौका पाहिली नाही.

पौर्णिमेला बारा-तेरा दिवस उरले असता मुलाने यंत्र बसविण्यासाठी एका वृद्ध मिस्त्रीला बोलाविले. मिस्त्रीने यंत्राला हात लावण्यापूर्वी एक लहानशी हातोडी घेतली आणि नाळेपासून मागपर्यंत नौकेचे अंग हळूहळू ठोकून पाहिले. निरोगी फायबरचा नाद खणखणीत येतो. आत थर सुटले असतील वा ओल मुरली असेल, तर तोच नाद बद्द होतो. नौकेच्या पाठीमागे यंत्र टांगण्याची जी जाड फळी असते, तेथे हातोडी पडली मात्र, मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याने आतल्या बाजूने गिरमिटाने बारीक भोक पाडले. भोकातून काळे पाणी ठिबकू लागले.

फायबरची नौका कधी कुजत नाही, असा अनेकांचा समज आहे, आमचाही होता. वस्तुस्थिती अशी की, काचेचे तंतू व पॉलिएस्टर रेझिन यांचे थरावर थर देऊन ही नौका घडविली जाते आणि त्यातील काच काही कुजत नाही. परंतु जेथे बळकटी हवी तेथे, विशेषतः मागील फळीत, या थरांच्या पोटात प्लायवूड घातलेले असते. यंत्र बसविण्यासाठी, कड्या अडकविण्यासाठी त्यात भोके पाडली जातात. त्या भोकांची तोंडे नीट बुजविली नाहीत, तर वर्षानुवर्षे पाणी आत झिरपते. बाहेरून चकचकीत रंग, आतून भुसा, अशी अवस्था होते. अशा फळीवर शक्तिमान यंत्र टांगून भर समुद्रात गेले आणि लाटेच्या तडाख्यात फळी फाटली, तर यंत्र जाते, मागून पाणी आत घुसते आणि माणसे देवाच्या हवाली होतात.

मिस्त्री म्हणाला, “कापून काढावी लागेल. आणि हे पावसाचे दिवस. घाई चालणार नाही.” मुलगा रात्रीच आमच्याकडे धावत आला. डोळ्यांत पाणी होते. “बुवा, आवतणं गेलीत. कर्जाचा हप्ता आहे. तुम्हीच मुहूर्त दिलात, तो मोडायचा कसा? वरून दोन थर देऊन हा हंगाम काढू का?”

सायंप्रार्थना आटोपून आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. मुहूर्त आमच्या हातचा होता आणि त्याला धरूनच ते घर मृत्यूच्या दिशेने निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जाऊन ती नौका प्रथमच पाहिली. मिस्त्रीने हातोडी आमच्या हाती दिली. तो बद्द नाद आम्ही स्वतः ऐकला. पन्नास वर्षे टाळ-मृदंगाच्या संगतीत गेलेल्या कानांना तो नाद ओळखण्यास वेळ लागला नाही.

अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितला आहे. जीर्ण झालेली मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीत, पाषाणाची असेल तर पाण्यात विसर्जित करावी आणि पूर्वीच्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी स्थापावी, असा त्याचा आशय. जीर्ण भागावर लेप देऊन तो झाकून टाकावा, असे शास्त्र म्हणत नाही. देवालयाचे काम दीर्घकाळ चालणार असेल, तर देवतेचे तेज तात्पुरत्या बालालयात नेऊन तेथे पूजा चालू ठेवण्याचा प्रघातही आहे. म्हणजे काम थांबत नाही आणि पूजाही खंडित होत नाही. आम्ही त्या मुलाला जवळ बसवून म्हटले, “बाळ, मुहूर्त पूजेचा होता, तो पूजेलाच राहील. पौर्णिमेला नारळ किनाऱ्यावरून अर्पण कर. नौका बरी झाली की तिच्यासाठी दुसरा दिवस आम्ही काढून देऊ. चूक आमची आहे. चार लोकांत ती आम्हीच सांगू.”

तसेच झाले. १९ ऑगस्टला सारे बंदर सजले असता ती एक नौका छपराखाली उघडी पडून होती. मुलाच्या आईने गुडघाभर पाण्यात उभे राहून नारळ सोडला. आम्ही त्या संध्याकाळच्या कीर्तनात पूर्वरंगालाच स्वतःची चूक सांगितली. मुलगा दुसऱ्या दिवसापासून मामाच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. हप्त्यापुरते पैसे त्यातून निघाले.

इकडे मिस्त्रीचे काम सुरू झाले. आतील कवच कापून काढले, तेव्हा त्यामागचे प्लायवूड हाताने कुस्करता येत होते. ते सर्व खरवडून, मिठाचा अंश निघून जावा म्हणून जागा गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुतली. मग ती सुकविणे आले. हेच सर्वांत कठीण! कोकणातील मच्छीमाराला सवड मिळते ती नेमकी पावसाळ्यात. आणि रेझिनला हवी असते कोरडी हवा. ओलसर पृष्ठावर ते धरत नाही, दमट हवेत नीट घट्ट होत नाही. म्हणून जाणते लोक मे महिन्याचा अखेरचा पंधरवडा कमाईचा असूनही त्यावर पाणी सोडतात आणि फायबरचे काम उन्हातच उरकून घेतात. येथे ती वेळ निघून गेली होती. मिस्त्रीने छपराच्या बाजू ताडपत्रीने बंद केल्या, आत विजेचे मोठे दिवे लावले. स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा पृष्ठावर चारी कडांनी चिकटवून तो दुसऱ्या दिवशी पाहत असे. खाली दव जमलेले दिसले की म्हणे, “अजून नाही.” असे किती दिवस गेले! गणपती आले, गेले. मिस्त्रीचे उत्तर बदलेना.

अखेर प्लास्टिकखाली दव दिसेनासे झाले. मग नवे प्लायवूड रेझिनमध्ये बसवून आवळले गेले. जुन्या व नव्या थरांचा सांधा त्याने उभा ठेवला नाही. कवच जितके जाड, त्याच्या बारा पट रुंदीचा उतार घासून काढला. सहा मिलिमीटर जाडीला बहात्तर मिलिमीटर. त्या उतारावर काचेच्या तंतूंची चटई आणि विणलेले कापड यांचे थर आळीपाळीने चढविले. जुने व नवे असे हळूहळू एकमेकांत मिसळले, तरच सांधा टिकतो. घराघरांतील सासू-सुनांनीही हे सूत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे! शेवटी यंत्राच्या खिळ्यांसाठी त्याने मोठी भोके पाडली, ती रेझिनच्या घट्ट मिश्रणाने भरली आणि ते घट्ट झाल्यावर मधोमध पुन्हा बारीक भोके पाडली. आता पाणी शिरले तरी लाकडापर्यंत पोचणार नाही.

भोज राजाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या युक्तिकल्पतरू या ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत असे सांगितले आहे. समुद्रातील लोहचुंबक नौका ओढून नेईल, असे त्याचे कारण दिले आहे. ते कारण आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु मिस्त्रीची ती दुहेरी भोके पाहताना आमच्या मनात आले की, नौकेचा घात तिच्या जोडांतून होतो, ही जाणीव तेव्हाही होती आणि आजही आहे.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीकडून कळली. रेझिन घट्ट करणारे जे द्रव्य थेंबाथेंबाने मिसळतात, ते डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते; आणि ते वेग देणाऱ्या दुसऱ्या द्रव्यात थेट ओतल्यास भडका उडतो. दोन्ही वेगवेगळी रेझिनमध्ये मिसळावी लागतात. घासताना उडणारी काचेची धूळ फुफ्फुसांत जाऊ नये म्हणून तो तोंड-नाक झाकल्याशिवाय काम करीत नसे आणि मुलांना जवळ फिरकू देत नसे.

तोच एकदा म्हणाला, “बुवा, लाकडाची बोट मेली तर चुलीत जाते. ही कुठे जाणार?” आम्ही निरुत्तर झालो. पुराणाने लाकडाला अग्नी सांगितला, पाषाणाला जल सांगितले. फायबरला काय सांगावे? ते जाळले तर विषारी धूर, पाण्यात टाकले तर तसेच पडून राहणार. ज्या द्रव्याला विसर्जन नाही, त्याची जोपासना हाच त्याचा धर्म, असे आम्हांस वाटते. किनाऱ्यावर टाकून दिलेली अशी कवचे पाहिली की समुद्रपूजनाचा आपला अधिकार कितीसा उरला, हा प्रश्न पडतो. वाचकहो, या पौर्णिमेला नारळ सोडताना त्यावरील चमकी, प्लास्टिकचे वेष्टन काढून घ्यावे, ही आमची हात जोडून विनंती आहे. वरुणाला नारळ पोचतो, वेष्टन नव्हे.

नौका सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सिद्ध झाली. पण पितृपंधरवडा लागला होता. या वेळी मुलगाच म्हणाला, “बुवा, इतके थांबलो, आणखी थोडे थांबू.” ३ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी आम्ही मुहूर्त लिहून दिला, मात्र लिहिण्यापूर्वी मिस्त्रीची हातोडी मागून घेतली. मागील फळीवर ती पडताच खणखणीत नाद उठला. मुलाची आई पाठीमागे उभी होती. ती काही बोलली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि नाळेवर हळद-कुंकू वाहिले.

नौका पाण्यात गेली. सायंकाळी दिवेलागणीला ती सर्वांसह परत आली. कोळ्याच्या घरी याहून मोठा प्रसाद कोणता?

देहाची नौका, संसाराची नौका असे रूपक कीर्तनकार नित्य वापरतात. आम्हीही वापरीत आलो. आता ते वापरताना आम्हांस त्या भोकातून ठिबकलेले काळे पाणी आठवते. मनुष्य सणासुदीला वरून रंग देतो, आतील बद्द नाद मात्र ऐकत नाही. ज्याला आपली जीर्ण जागा सापडली आणि ती उघडी करण्याचे धैर्य झाले, त्याचा उद्धार अर्धा झालाच. उरलेला अर्धा संथपणे, कोरड्या जागेत, थरावर थर देऊन करावयाचा असतो.

दर्याराजा शांत होवो, किनाऱ्यावरून निघालेली प्रत्येक नौका सुखरूप परत येवो, आणि तिची वाट पाहणाऱ्या प्रत्येक माउलीचा दिवा तेवत राहो, हीच श्रीहरिहरेश्वराच्या चरणी प्रार्थना.