कंपोस्टच्या ढिगातून फुफ्फुसात

कंपोस्टचा ढीग थंडीत फावड्याने उकरला की आतून वाफा निघतात. आतलं तापमान सहज ५०-६० अंश सेल्सियसपर्यंत जातं. तिथे बहुतेक बुरश्या तगत नाहीत. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस मात्र ५० अंशांच्या आसपासही वाढते आणि तिचे बीजाणू ७० अंशही सोसतात.

वनस्पतींना बुरशीचे रोग ढीगभर होतात, सस्तन प्राण्यांना त्यामानाने कमी. याचं एक कारण म्हणजे आपली ऊब. ३० ते ४० अंशांच्या दरम्यान तापमान वाढत गेलं, तर दर अंशाला आणखी सुमारे ६ टक्के बुरश्या बाद होतात, असं रॉबर्ट आणि कासाडेव्हाल यांनी २००९ साली दाखवलं. उकिरड्यात मुरलेल्या या बुरशीला आपले ३७ अंश अगदी मानवतात. हा गुण तिने आपल्याला छळण्यासाठी कमावलेला नाही, तो कुजत्या पाल्यातला आहे.

बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे, म्हणून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. आपण रोज शेकडो बीजाणू श्वासातून घेतो आणि पांढऱ्या पेशी ते मुकाट्याने फस्त करतात. पण केमोथेरपी किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर या पेशी घटल्या, की बीजाणूंना धागे फुटतात आणि ते रक्तवाहिन्यांत घुसतात. मग औषधं देऊनही बरेच रुग्ण दगावतात.

पक्ष्यांचं शरीर तर ४०-४२ अंशांचं, तरी त्यांनाच हा रोग फार. फ्रेसेनियस यांनी १८६३ साली या बुरशीचं वर्णन केलं, तेही माळढोकाच्या युरोपीय भाऊबंदाच्या श्वसनमार्गात सापडली म्हणून. २०१९ मध्ये न्यूझीलंडमधले ९ काकापो पोपट या रोगाने गेले, आणि जगात काकापो होते जेमतेम दोनशे. गाभण गायींमध्ये तिच्यामुळे गर्भपात होतो, लांब नाकाच्या कुत्र्यांना नाकात संसर्ग होतो.

२०२१ साली महाराष्ट्रात धुमाकूळ घालणारा म्युकरमायकोसिस वेगळ्या बुरश्यांचा, पण शरीराच्या तापमानाला वाढण्याची ताकद त्यांच्यातही आहे. (‘काळी बुरशी’ हे नाव फसवं आहे. काळी पडते ती मेलेली ऊती.)

मला जास्त काळजी वाटते ती औषधांची. अ‍ॅस्परजिलसवरचं मुख्य औषध म्हणजे अ‍ॅझोल, आणि पिकांवरही त्याच गटातली बुरशीनाशकं मारतात. नेदरलँड्समध्ये फुलांच्या कंदांच्या कचऱ्यात अ‍ॅझोलला दाद न देणारे वाण सापडले, आणि कधीही अ‍ॅझोल न घेतलेल्या रुग्णांतही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या बुरशीला सर्वांत चिंताजनक गटात टाकलं.

आता ऑलोरोफिम या नव्या औषधाकडे डॉक्टर आशेने पाहत आहेत. ते बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच एन्झाइमवर चालणारं इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीतलं बुरशीनाशक अमेरिकेत २०२२ साली मंजूर झालं. तेव्हा ऑलोरोफिमच्या रुग्णांवरच्या चाचण्या अजून चालूच होत्या.