पाल पाळायची, तर कोणती? पहिला गेको निवडण्यापूर्वीचे तीन प्रश्न

मनात संशय डोकावला की मराठी माणसाच्या मनात पाल चुकचुकते. ती अंगावर पडली, तर कोणत्या अंगावर पडल्याचे काय फळ, हे पाहण्यासाठी पंचांगातील पल्लीपतनाचे कोष्टक उघडले जाते. केरसुणीने हाकलण्याचा प्राणी हीच घरोघरी तिची ओळख. तरीही त्याच कुळातील एका देखण्या प्राण्यासाठी काचेची पेटी, दिवा आणि तापमापक विकत घेणारी नवी पिढी महानगरांत उभी राहिली आहे. दुकानदारांच्या भाषेत या प्राण्याला 'गेको' म्हणतात. मुळात भिंतीवरची पालही गेकोच होय.

हैदराबाद हे अशा महानगरांपैकी एक. चारमिनारजवळचा महबूब चौक पक्षी आणि कोंबड्यांच्या बाजारामुळे लोकांच्या तोंडी 'मुर्गी चौक' म्हणूनच रुळला आहे. प्राणी-पक्षी पाळण्याची हौस या शहराला नवी नाही. आता त्या हौसेत मोबाईलच्या पडद्यावर छायाचित्र पाहून केल्या जाणाऱ्या खरेदीची भर पडली आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त हैदराबादेत राहणाऱ्या गोमंतकीय तरुणाने तेथे गेको घ्यावा आणि सुट्टीत तो गोव्यातील घरी आणावा, हे सहज घडू शकते. दोन्ही ठिकाणी कायदा एकच आहे. हवा मात्र अगदी वेगळी आहे. पहिला गेको निवडताना रंगाआधी याच दोन गोष्टींचा विचार व्हायला हवा.

नवख्यांना लेपर्ड गेको का सुचवतात?

जगभर नवख्या पालकाला बहुधा लेपर्ड गेको सुचवला जातो. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, म्हणून हे नाव. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब असतो. भिंतीवरच्या पालीपेक्षा तो दोन बाबतींत ठळकपणे वेगळा आहे. त्याला हलणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकटणारे तळवे नसतात. त्यामुळे तो काच चढून पळू शकत नाही. चाल संथ, स्वभाव बहुधा शांत आणि चावला तरी इजा किरकोळ. जाड शेपटीत तो चरबी साठवतो. म्हणूनच भरलेली शेपटी हे आरोग्याचे लक्षण मानतात. तो संध्याकाळी आणि रात्री वावरतो. दिवसभर शाळा-कचेरीत असणाऱ्या कुटुंबाला हे वेळापत्रक सोयीचे पडते.

इतर जातींशी तुलना केली की ही शिफारस का होते, ते उमगते. न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा क्रेस्टेड गेको नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९९४ मध्ये तो पुन्हा आढळला आणि आज तो जगातील लोकप्रिय पाळीव गेकोंपैकी एक आहे. त्याला २२ ते २६ अंश सेल्सियस तापमान मानवते. २८ अंशांच्या वर तो दीर्घकाळ राहिला, तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. हैदराबादचा मे महिना त्याच्यासाठी नाही आणि गोव्याचाही नाही. मादागास्करकडील हिरवेगार डे गेको दिसायला मोहक. परंतु त्यांची त्वचा इतकी नाजूक असते की हातात धरताच फाटू शकते. ते लांबूनच पाहायचे प्राणी होत. पश्चिम आफ्रिकेतील फॅट-टेल्ड गेको स्वभावाने लेपर्डच्या जवळचा असून त्याला थोडी अधिक आर्द्रता लागते.

आणि टोके गेको? निळसर अंग, केशरी ठिपके, मोठा आवाज आणि सहजासहजी न सुटणारा चावा. एड्सवर औषध म्हणून तो लाखो रुपयांना विकला जातो, अशा अफवांमुळे ईशान्य भारतात त्याची तस्करी वाढली. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो विकत घेणे ही निवड नव्हे, गुन्हा आहे.

पहिला प्रश्न : प्राणी आला कोठून?

दुकानात विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही. प्राणी बंदिवासात जन्मलेला आहे की रानातून पकडलेला, हा आहे. रानातून पकडलेल्या प्राण्यात जंत आणि अन्य परजीवी असण्याची शक्यता मोठी. तो ताणाखाली असतो आणि पुष्कळदा खाणेच सोडतो. थायलंडमधून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले जिवंत सरपटणारे प्राणी मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार पकडले गेले आहेत. या वाटेवर जे प्राणी मरतात, त्यांचा हिशेब कोणत्याही पावतीवर येत नाही.

दुसरी बाजू कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइट्स' करारातील प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आहे. या अनुसूचीतील जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले. अर्ज 'परिवेश' या केंद्रीय संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव वॉर्डनकडे जातो. उदाहरणार्थ, वर उल्लेखिलेले मादागास्करचे डे गेको साइट्सच्या यादीत आहेत. असा प्राणी घरी आणणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणून सुटता येणार नाही.

लेपर्ड गेकोच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. दुकानात तो सर्रास 'परदेशी' म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात या प्रजातीचे मूळ क्षेत्र अफगाणिस्तान आणि पाकिस्तानपासून भारताच्या वायव्य भागापर्यंत पसरलेले आहे. शिवाय तिचे सख्खे नातलग भारतातच आहेत. एक प्रजाती पश्चिम महाराष्ट्र आणि गुजरातेत आढळते, दुसरी पूर्व भारतात. सातपुड्यातील एका प्रजातीचे शास्त्रीय वर्णन २०१४ मध्ये झाले, तर पूर्व घाटातील एकीचे २०२२ मध्ये. पिल्लू लहान असताना या बहिणी एकमेकींपासून ओळखणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. रानातून उचललेले पिल्लू 'परदेशी' म्हणून गळ्यात मारले जाऊ शकते, ते यामुळेच. शंका आल्यास तपास कोठवर जाऊ शकतो, याचे उत्तर हैदराबादेतच आहे. तेथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या, अर्थात सीसीएमबीच्या, 'लॅकोन्स' या प्रयोगशाळेत जप्त केलेल्या वन्यजीवांच्या नमुन्यांवरून डीएनएच्या साह्याने प्रजाती ओळखली जाते.

म्हणून खरेदीपूर्वी तीन कागद मागावेत : प्रजातीचे शास्त्रीय नाव लिहिलेली पावती, पैदास करणाऱ्याचा तपशील, आणि प्रजाती अनुसूचीत असल्यास नोंदणी व हस्तांतराची कागदपत्रे. ही प्रजाती पाळण्यास परवानगी आहे काय, असे वन खात्याला आधी लेखी विचारावे. विक्रेता शास्त्रीय नाव लिहून देण्यास का-कू करू लागला, तर ग्राहकाला उत्तर मिळालेच असे समजावे.

दुसरा प्रश्न : घराची हवा कशी आहे?

गेको संगोपनाच्या बहुतेक सूचना थंड देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्यांचा सारा भर पेटी ऊबदार कशी ठेवावी यावर. हैदराबादेत मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. वरच्या मजल्यावरील पश्चिमेच्या खोलीत ठेवलेली काचेची पेटी दुपारी भट्टी बनते.

वाळवंटी मुलखातला प्राणी उष्णता सहन करतो, हा समज अर्धसत्य आहे. निसर्गात लेपर्ड गेको भर दुपारी दगडाखाली किंवा बिळात दडलेला असतो. तो उष्णता सोसत नाही. तिच्यापासून दूर जातो. पेटीत पळायला जागाच नसेल, तर तो दगावतो. म्हणून पेटीचे एक टोक उबदार, साधारण ३१ ते ३३ अंश, आणि दुसरे गार, २४ ते २६ अंश, असावे लागते. सरपटणारा प्राणी शरीराचे तापमान आतून राखू शकत नाही. या दोन टोकांमध्ये ये-जा करूनच तो अन्न पचवतो आणि तग धरतो. हैदराबादच्या उन्हाळ्यात गार टोक राखणे अवघड जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खालीही उतरते. तेव्हा थर्मोस्टॅट जोडलेली उबेची चटई लागते. थर्मोस्टॅटशिवाय ती वापरली, तर प्राण्याचे पोट भाजू शकते.

गोव्यात अडचण नेमकी उलटी. येथे ऊन मारत नाही, ओल मारते. लेपर्ड गेकोला साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा ८५ टक्क्यांवर जाते. बंद पेटीत तळाचा थर ओला राहतो, बुरशी धरते, आणि श्वसनाचे विकार बळावतात. हवा खेळण्यासाठी मोठी जाळी, तळाला रोज बदलता येईल असा साधा कागद आणि आर्द्रतामापक ही गोव्यातील पालकाची पहिली गरज. कात टाकताना मात्र याच प्राण्याला एक दमट कोपरा लागतो. ओलसर शेवाळाची एक झाकलेली डबी त्यासाठी पुरते. कात बोटांवर अडकून राहिली, तर रक्तपुरवठा थांबून बोट गळून पडू शकते.

तिसरा प्रश्न : पंधरा वर्षे कोण पाहणार?

नीट सांभाळलेला लेपर्ड गेको १५ ते २० वर्षे जगतो. इयत्ता पाचवीतील मुलाच्या हट्टापायी आणलेला प्राणी ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असतो. मूल शिकायला परगावी गेले की तो आई-वडिलांच्या वाट्याला येतो. तेव्हा खरा पालक कोण, हे खरेदीपूर्वीच ठरवलेले बरे.

त्याचे खाणे म्हणजे जिवंत किडे : रातकिडे, मीलवर्म, पैदास केलेली झुरळे. पिल्लाला रोज आणि मोठ्याला दोन-तीन दिवसांआड खाऊ घालावे लागते. किड्यांवर कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाची भुकटी भुरभुरली नाही, तर हाडे मऊ होऊन वाकतात. घरातील झुरळ पकडून देऊ नये. त्याच्या अंगावर कीटकनाशक असू शकते. किड्यांचा डबा स्वयंपाकघराशेजारी ठेवण्यास घरातील कोणाची हरकत आहे काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु हौस मोडते ती बहुधा येथेच.

पेटीत एकच प्राणी ठेवावा. दोन नर एकमेकांना जखमी करतात आणि जोडी ठेवल्यास मादीची ओढाताण होते. एका मोठ्या गेकोसाठी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद पेटी योग्य. तळाशी सुटी वाळू टाळावी. ती पोटात गेल्यास आतडे तुंबू शकते. हाताळल्यावर साबणाने हात धुणे अनिवार्य आहे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर हा बेत पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

पशुवैद्यक आधी शोधावा, प्राणी नंतर. हैदराबादेत राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही गाय, कुत्रा वा मांजर तपासणारा प्रत्येक डॉक्टर सरपटणारे प्राणी तपासतोच असे नाही. गोव्यात तर ही चौकशी अधिकच काटेकोरपणे करावी.

रंगाचा मोह

बाजारात दुर्मीळ रंगांना भाव अधिक. हे रंग निवडक पैदाशीतून येतात आणि काहींची किंमत प्राणीच मोजतो. 'लेमन फ्रॉस्ट' या झळाळत्या रंगाच्या प्रकारात रंगपेशींपासून त्वचेवर गाठी होतात. रंग आणि गाठी यांचे मूळ एकाच जनुकात असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. 'एनिग्मा' या प्रकारातील अनेक गेकोंना तोल सांभाळता येत नाही. ते गोल गोल फिरतात आणि भक्ष्यावर नेम धरू शकत नाहीत. पहिल्या खेपेस साधा, नैसर्गिक रंगाचा, भरल्या शेपटीचा आणि स्वच्छ डोळ्यांचा प्राणीच निवडावा. तो आपल्यासमोर खातो का, हेही पाहावे.

हौस सरली म्हणून गेको रानात सोडणे हा उपाय नव्हे. बंदिवासात वाढलेला प्राणी तेथे मरतो, अथवा आपले रोग तिथल्या प्राण्यांना देतो. गोव्याच्या रानांत तर काणकोण परिसरातून १९७६ मध्ये वर्णन झालेला, राज्याचेच नाव धारण करणारा गोवन डे गेको नांदतो.

या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर लेपर्ड गेको पहिल्या खेपेस योग्य ठरू शकतो. एकाही उत्तरात संदिग्धता असेल, तर थांबणे उत्तम. तोवर मुलाच्या हाती वही द्यावी आणि पडवीतल्या दिव्याजवळची पाल महिनाभर पाहायला सांगावे : ती किती वाजता येते, काय टिपते, शेपूट तुटल्यावर नवे किती दिवसांत फुटते. जगातला एकही गेको विषारी नाही. ही पालही नाही. तिला पेटी लागत नाही, परवाना लागत नाही, आणि महिनाभर न कंटाळता तिची नोंद ठेवणारे मूलच पुढील पंधरा वर्षांची जबाबदारी पेलण्याची शक्यता अधिक.