जुना लॅपटॉप घरचा सर्व्हर म्हणून वापरावा का? वीज, इंटरनेट आणि बॅकअपचा पूर्ण हिशोब

घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, विकायला गेलं तर दोन-तीन हजारांच्या वर कोणी देत नाही, आणि दुसरीकडे फोन रोज ‘स्टोरेज भरलं’ म्हणून ओरडतो. मग मनात येतं, या लॅपटॉपचाच सर्व्हर केला तर? गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली, तेव्हापासून हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात आला असेल. माझ्याही आला.

गेल्या काही वर्षांत मी दोन्ही प्रकार करून पाहिले: आधी सेकंडहँड घेतलेला मोठा रॅक सर्व्हर आणि नंतर जुना लॅपटॉप. एकात पैसे घालवले, दुसऱ्यात थोडे फोटो गमावले. त्या अनुभवातून जो हिशोब हाती आला, तो आज आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

सर्व्हर म्हणजे काही वेगळं यंत्र नाही. जो कॉम्प्युटर चोवीस तास चालू राहतो आणि दुसऱ्या उपकरणांनी मागितलेली गोष्ट त्यांना देतो, तो सर्व्हर. फोटोंसाठी इमिच, फाइल्ससाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलिफिन, घरभरच्या जाहिराती अडवायला पाय-होल, असे मोफत प्रोग्राम लिनक्सवर चालतात. चार-पाच माणसांच्या घरासाठी यातल्या कशालाच फार ताकद लागत नाही.

माझ्या लॅपटॉपमध्ये २०१५ सालचा आय५-५२००यू हा प्रोसेसर आहे: २ कोअर, ४ थ्रेड. रॅम ८ जीबी. इमिचने सगळ्या फोटोंमधले चेहरे पहिल्यांदा ओळखायला दोन रात्री घेतल्या, हे खरं. पण ते काम एकदाच असतं. त्यानंतर दिवसातला बहुतेक वेळ हा प्रोसेसर नुसता बसून असतो. घरच्या सर्व्हरचं वीजबिल ठरतं ते याच ‘बसून असण्या’वर.

वीज: इथे पहिली चूक होते

माझी पहिली चूक म्हणजे तो रॅक सर्व्हर. १४ हजारांत दोन प्रोसेसर, भरपूर रॅम, ऑफिसातून निघालेला माल. वाटलं, लॉटरीच लागली! घरी आणून चालू केला तर पंख्यांच्या आवाजाने हॉलमध्ये बोलणं ऐकू येईना. आणि काही काम नसतानाही तो सुमारे १५० वॅट खात होता.

हिशोब सोपा आहे. वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट.

रॅक सर्व्हर: १५० वॅट × २४ तास × ३० दिवस = महिन्याला १०८ युनिट.
लॅपटॉप आणि त्याला जोडलेली डिस्क: १२ वॅट × २४ तास × ३० दिवस = महिन्याला ८.६४ युनिट.

समजा तुम्हाला एक युनिट सगळे आकार धरून १० रुपयांना पडतं. मग रॅक सर्व्हरचे महिन्याला १,०८० रुपये आणि लॅपटॉपचे ८६ रुपये. वर्षाला जवळपास १३ हजार विरुद्ध हजारभर. म्हणजे फुकटात मिळालेला रॅक सर्व्हरसुद्धा वर्षभरात महाग पडतो.

आता स्लॅबचं. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. बऱ्याच जणांना वाटतं, पुढच्या टप्प्यात गेलं की सगळंच बिल महाग दराने लागतं. तसं होत नाही. घराचा वापर २१० युनिट असेल आणि सर्व्हरने १०८ वाढवले, तर एकूण ३१८ होतात. त्यातले फक्त वरचे १८ युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. पण सर्व्हरचे युनिट नेहमी ‘वरचे’ असतात, म्हणून हिशोब करताना सरासरी दर धरू नका. तुमच्या बिलातला सगळ्यात वरचा लागू झालेला दर घ्या आणि त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा.

वॅट मोजायचे कसे?

वॅट मोजणारा प्लग बाजारात मिळतो. तो नसेल तर घरचं डिजिटल मीटर वापरा. मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. तुमच्या मीटरवर तो वेगळा असू शकतो.

१. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या, नाहीतर चार्जिंगची वीजही मोजली जाईल.
२. थोडा वेळ फ्रीज, राउटर, पंखे सगळं बंद करा. फक्त सर्व्हर चालू ठेवा.
३. दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंत किती सेकंद गेले ते मोबाइलवर मोजा. दोन-तीनदा मोजून सरासरी काढा.
४. ३६ लाख भागिले (मीटरवरचा आकडा × सेकंद) = वॅट.

३२०० च्या मीटरवर हे सरळ ११२५ भागिले सेकंद होतं. माझा रॅक सर्व्हर साडेसात सेकंदांना एकदा दिवा लुकलुकवायचा, म्हणजे १५० वॅट. लॅपटॉप ९४ सेकंदांना एकदा, म्हणजे सुमारे १२ वॅट. इतक्या कमी लोडला मोजणीत थोडं कमी-जास्त होतं, पण निर्णय घ्यायला हे पुरेसं आहे.

लॅपटॉपचे फायदे, आणि बॅटरीचा धोका

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे यूपीएस आतच. गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली तरी तो बंद पडत नाही. राउटर मात्र बंद पडतो, त्यामुळे राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा लागतो.

झाकण बंद करून ठेवायचं असेल तर एक सेटिंग बदलावी लागते, नाहीतर लॅपटॉप झोपी जातो. लिनक्समध्ये लॉगइंड नावाच्या सेवेच्या फाइलमध्ये झाकणाचा पर्याय ‘इग्नोर’ करा. बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप चालू हो’ असा पर्याय असेल तर तोही चालू ठेवा. लाईट फार वेळ गेली आणि बॅटरी संपली, तर तुम्ही गावाला असताना लॅपटॉप चालू करायला घरी कोणी नसतं.

आता धोका. लिथियम बॅटरी कायम १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर खराब होते आणि फुगू शकते. एके दिवशी माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलेला दिसला. खालून बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. ती काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. नवी बॅटरी टाकल्यावर मी चार्जिंगची मर्यादा ६० टक्क्यांवर ठेवली. काही लॅपटॉपमध्ये ही सोय बायोसमध्ये असते, काहींमध्ये लिनक्सवरच्या टीएलपी या प्रोग्राममधून ठेवता येते. अशी कुठलीच सोय नसेल तर बॅटरी काढून लॅपटॉप चालतो का ते पाहा, पण मग आतला यूपीएस गेला हे लक्षात ठेवा. आणि लॅपटॉप गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका. उभा, हवा खेळेल असा ठेवा.

घराबाहेरून का उघडत नाही?

घरच्या वायफायवर सगळं मस्त चालतं, बाहेर पडलं की काहीच उघडत नाही, हा अनुभव बहुतेकांना येतो. कारण आहे सीजीनॅट. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. सोसायटीच्या एकाच पत्त्यावर शंभर फ्लॅट असावेत आणि पाकिटावर फ्लॅट नंबरच नसावा, तसं हे. पत्र कोणाला द्यायचं हे वॉचमनला कळत नाही.

ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. यावर तीन उपाय आहेत: कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेणे, आयपीव्ही६ वापरणे, किंवा टेलस्केलसारखं खासगी जाळं वापरणे. घरच्या वापराला मी तिसरा उपाय सुचवेन. यात सर्व्हर जगासाठी उघडा राहत नाही, फक्त तुमचे फोन आणि लॅपटॉपच त्याच्यापर्यंत पोचतात. राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवणं सोपं वाटतं, पण त्या पोर्टवर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम दिवसरात्र येऊन धडकत असतात.

आणि मग डिस्क गेली

सगळं व्यवस्थित चाललं होतं. सर्व्हर झाला या आनंदात मी फोनमधले फोटो ‘तिकडे आहेतच’ म्हणून पुसत गेलो. क्लाउडचा प्लॅनही बंद केला. मे महिन्यातल्या एका दुपारी फोटोंची डिस्क टिकटिक आवाज करायला लागली आणि संध्याकाळपर्यंत दिसायची बंद झाली.

नशीब इतकंच, की मी अधूनमधून एका दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढत होतो. बाबांचे जुने स्कॅन केलेले फोटो, लग्नाचे फोटो, सगळं तिच्यावर होतं. पण शेवटची कॉपी पाच आठवड्यांपूर्वीची होती. त्या पाच आठवड्यांत भाचीचं बारसं झालं होतं. ताईला फोन करून सांगताना जीभ रेटेना, कारण ‘सगळे फोटो माझ्या सर्व्हरवर टाक, तुझ्या फोनमध्ये जागा होईल’ असं मीच तिला सांगितलं होतं. आता त्या बारशाचे फोटो आहेत ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवरून गोळा केलेले, लहान आणि पुसट.

यातून शिकलो ते इतकंच: एका जागी ठेवलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे, मग ती जागा आपल्या स्वतःच्या घरात का असेना. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असल्या, म्हणजे रेड असलं, तरी तो बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच पुसली जाते.

यासाठी ३-२-१ हा नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझ्याकडे आता २ टीबीच्या तीन डिस्क आहेत: एक लॅपटॉपला जोडलेली, एक कपाटात आणि एक ताईकडे, दुसऱ्या गावी. कपाटातली दर रविवारी जोडून कॉपी होते. ताईकडे गेलो की तिथली आणि इथली अदलाबदल करतो. तिन्ही डिस्कच असल्यामुळे नियमातला ‘दोन माध्यमं’ हा भाग पूर्ण होत नाही. तो भरून काढायला चालू महिन्याचे फोटो फोनमधून पुसायचे नाहीत, असं ठरवलं आहे.

पाच वर्षांचा हिशोब

तीन पोर्टेबल डिस्क: १६,५०० रुपये
राउटरचा यूपीएस: १,५०० रुपये
वीज, पाच वर्षं: सुमारे ५,२०० रुपये
एकूण: सुमारे २३,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ४,६४० रुपये

डिस्कचे भाव मी घेतल्या तेव्हाचे आहेत. पाच वर्षांत एखादी डिस्क गेली तर साडेपाच हजार वाढवा. एकूण २८,७०० होतात.

गुगलचे भारतातले दर बराच काळ १०० जीबीला वर्षाला १,३०० आणि २ टीबीला वर्षाला ६,५०० रुपये राहिले आहेत. पाच वर्षांचे अनुक्रमे ६,५०० आणि ३२,५०० रुपये. आजचा दर पाहून तुमचा आकडा काढा, पण चित्र साधारण असंच दिसेल. तुमचा डेटा १०० जीबीच्या आत असेल, तर सर्व्हर महाग आहे. दीड-दोन टीबी असेल तर सर्व्हर स्वस्त पडतो, पण फार नाही. वरच्या यादीत वीज सर्वांत मोठी रक्कम नाही, हेही पाहा. मोठी रक्कम बॅकअपची आहे. जो कोणी ‘महिन्याला फक्त ८६ रुपयांत स्वतःचं क्लाउड’ म्हणतो, त्याने दोन डिस्क हिशोबातून गाळलेल्या असतात. मीही गाळल्या होत्या.

मग करावं की नाही?

शिकायची हौस असेल, डेटा भरपूर असेल आणि रविवारची पंधरा मिनिटं नियमाने देता येत असतील, तर नक्की करा. लॅपटॉपवरच करा, रॅक सर्व्हरच्या मोहात पडू नका. सुरुवातीला क्लाउडचा प्लॅन बंद करू नका आणि फोनमधला एकही फोटो पुसू नका. सहा महिने दोन्ही शेजारी शेजारी चालवा. मग एका रविवारी मुद्दाम जोडलेली डिस्क काढून ठेवा आणि कपाटातल्या डिस्कवरून सगळे फोटो परत आणून पाहा. सगळे परत आले, तरच तो सर्व्हर घरच्यांच्या भरवशाचा झाला असं समजा.