दुर्बोध चित्रपट आणि सारांशाची सवय

सुरतेत वाढलेला, घरी मराठी व शाळेत गुजराती बोलणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी मध्यंतरी आमच्याकडे एक वही घेऊन आला. आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘गेल्या वर्षी मारिएनबाद येथे’ हा १९६१ सालचा चित्रपट त्याने इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने तीन वेळा पाहिला होता. घटनांचा क्रम लावण्याच्या खटपटीत वहीची पाच पाने खोडली गेली होती आणि सहाव्यावर एकच वाक्य होते : आपली बुद्धी या कलेस पुरी पडत नाही. चित्रपटविद्या शिकावयाचा बेतही त्याने सोडून दिला होता. या वाक्याचा दोष कोणाच्या पदरी घालावा, असा विचार करू लागलो तेव्हा तो बराचसा आम्हां शिक्षकांकडेच येतो, असे दिसले.

‘लेखकास येथे काय सांगावयाचे आहे?’ हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारीत आलो. त्याचे उत्तर चार ओळींत लिहिता आले म्हणजे कृती समजली, अशी मुलांची समजूत होते. ‘मारिएनबाद’ मात्र अशा सारांशास जागाच ठेवीत नाही. एका प्रासादतुल्य विश्रामगृहात एक पुरुष एका स्त्रीला सांगतो की आपण गेल्या वर्षी भेटलो होतो, ती नाकारते, तो पुन्हा सांगतो. पात्रांना नावे नाहीत. तेच शब्द, तेच दिवाणखाने, तोच काड्यांचा खेळ पुनःपुन्हा येतो. उद्यानातील एका प्रसिद्ध दृश्यात माणसांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या, पण कातरलेल्या झुडुपांना सावलीच नाही! पटकथाकार आलँ रोब-ग्रिये हे स्वतः कादंबरीकार, आणि कथानकाच्या रूढ कल्पनेशी त्यांचे आधीपासूनच वाकडे होते.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आला आणि नवकाव्याच्या दुर्बोधतेचा वाद पुढे कित्येक वर्षे गाजला. विशेष हे की, त्या कोड्याची एक किल्लीही मर्ढेकरांनीच आपल्या सौंदर्यविचारात देऊन ठेवली आहे. कलाकृतीतील घटक संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी परस्परांशी बांधले जातात, असे त्यांचे प्रतिपादन. ते येथे लावून पाहावे. पुरुषाच्या निवेदनातील वाक्य आणि त्याच वेळी दिसणारे चित्र जुळतात तेव्हा संवाद. तो एक सांगतो आणि पडदा दुसरेच दाखवितो तेव्हा विरोध. ‘भेट झाली की नाही’ हा प्रश्न मग मागे पडतो. आठवण कशी रचली जाते, एकाची आठवण दुसऱ्यावर कशी लादली जाते, हे डोळ्यांसमोर घडू लागते. मर्ढेकरांची उपपत्ती सर्वत्र पुरते असे आम्ही म्हणत नाही, परंतु या चित्रपटास ती फार चपखल बसते.

हे शिक्षण केवळ ग्रंथांतून होत नाही. पुण्याच्या फिल्म संस्थेत ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेले कुमार शहानी पुढे फ्रान्सला गेले व रोबेर ब्रेसाँ यांच्या १९६९ च्या चित्रपटावर त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. त्यांचा ‘माया दर्पण’ १९७२ साली आला, तेव्हा तोही अनेकांस अनाकलनीयच वाटला. मणि कौल यांच्या ‘उसकी रोटी’ची गत निराळी नव्हती. कृत्ये व हावभाव यांतून भावना ओसंडू न देण्याची ब्रेसाँ यांची रीत ज्यास ठाऊक नाही, त्यास तेथील पात्रे निर्जीव वाटणारच.

दुर्बोध ते सारे थोर, असा आमचा दावा नाही. पुष्कळशी प्रयोगशीलता ही नुसतीच अडवणूक असते, आणि कंटाळा आल्यास तसे म्हणण्याचा अधिकार विद्यार्थ्यास असला पाहिजे. परंतु तो निर्णय पाहिल्यानंतरचा असावा.

आम्ही त्याला एवढेच सुचविले : कथा लिहू नकोस, पहिल्या दहा मिनिटांत काय दिसते आणि काय ऐकू येते, याच्या दोन याद्या शेजारी शेजारी कर. महिन्याने तो परत आला. आवाज कोठे चित्राच्या आधी येतो व कोठे मागे राहतो, ते त्याने लाल शाईने दाखविले होते. वही मिटता मिटता त्याने विचारले, “सर, ती स्त्री शेवटी त्याच्याबरोबर जाते ती आठवले म्हणून, की ऐकून ऐकून थकली म्हणून?” आम्हांस उत्तर देता आले नाही, तो चित्रपट आम्ही पुन्हा पाहावयास घेतला आहे.