उसने घेतलेले ग्रह

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, अगुआ डल्से गावाजवळच्या उजाड माळावर १९५० च्या दशकात एक खोटा किल्ला उभा राहिला. ‘टेल्स ऑफ द ७७थ बेंगाल लान्सर्स’ या अमेरिकी मालिकेसाठी तो बांधला होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील घोडदळाच्या या गोष्टी १९५६ मध्ये पडद्यावर आल्या आणि वर्षभरात आटोपल्याही. किल्ला मात्र जागेवरच राहिला. दहा वर्षांनी ‘स्टार ट्रेक’च्या मंडळींना दूरच्या ग्रहावरचे एक उद्ध्वस्त ठाणे हवे होते. नवे बांधायला पैसा कुठला? सरहद्दीवरचा तोच किल्ला मग ‘सेस्टस–३’ या ग्रहावरची वसाहत झाला. ‘अरीना’ नावाचा तो भाग १९ जानेवारी १९६७ रोजी प्रक्षेपित झाला.

आज त्या किल्ल्याचा मागमूस नाही. भोवतालचे खडक तेवढे आहेत आणि ते पाहायला जगभरातून माणसे येतात. जुन्या विज्ञानमालिकांच्या चित्रीकरणस्थळांची यादी घेऊन बसले की हाच हिशेब पुन्हा पुन्हा समोर येतो. मालिकावाल्यांनी स्वतः बांधले ते गेले. दुसऱ्याचे उसने घेतले ते राहिले.

कर्कचा खडक

या खडकांचे नाव वास्केझ रॉक्स. टिबुर्सिओ वास्केझ या दरोडेखोरावरून ते पडले. १८७३–७४ च्या सुमारास तो पोलिसांना चुकवून इथे दडला होता. १८७५ मध्ये सॅन होजे इथे त्याला फाशी झाली. त्याच्याही कितीतरी आधी ही भूमी ततावियम लोकांची होती. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गाळाचा हा वालुकाश्म. भूकवचाच्या हालचालींनी त्याचे थर उचलले गेले आणि तिरपे झाले. त्यामुळे जमीन सपाट असली, तरी तिच्यातून वर आलेल्या प्रचंड शिळा एकाच बाजूला कललेल्या दिसतात. क्षितिज आडवे आणि खडक तिरपे, अशी चौकट मिळाली की नेपथ्यकाराला वेगळे काही करावेच लागत नाही. प्रेक्षकाचा डोळाच सांगतो, ही आपली पृथ्वी नव्हे.

‘अरीना’मध्ये मालिकेचा नायक कॅप्टन कर्क आणि सरड्यासारखा दिसणारा गॉर्न यांची झुंज इथेच झाली. फ्रेडरिक ब्राउन यांच्या १९४४ मधल्या कथेशी या भागाचे नाते आहे. कर्क गंधक, सोरा आणि कोळसा गोळा करतो, बांबूची तोफ बनवतो आणि जिंकतो. पडद्यामागची किंमत मात्र खरीखुरी होती. चित्रीकरणातला एक स्फोट फार जवळ झाला आणि त्यानंतर आपल्या कानात कायमचा आवाज घुमत राहिला, असे कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांनी अनेकदा सांगितले आहे. सहकलाकार लेनर्ड निमॉय यांनाही तोच त्रास जडला.

चाहत्यांनी इथल्या सर्वांत उंच सुळक्याला ‘कर्क्स रॉक’ हे नाव देऊन टाकले आहे. पुढे १९८६ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात हीच जागा व्हल्कन ग्रह झाली. २०२० च्या ‘पिकार्ड’ मालिकेत तर ती वास्केझ रॉक्स म्हणूनच आली. परग्रहाचे सोंग उतरवून खडक आपल्या खऱ्या नावानिशी कथेत शिरले.

गावाचा पत्ता शेवटी

ब्रिटनमधल्या ‘द प्रिझनर’ या मालिकेला परग्रह नको होता, तर कोणत्या देशात आहे तेच कळू नये असे एक गाव हवे होते. तिचे नायक पॅट्रिक मॅकगूहन यांनी ते उत्तर वेल्समधल्या पोर्टमेरियनमध्ये पाहून ठेवले होते, कारण त्यांच्या आधीच्या ‘डेंजर मॅन’ मालिकेचे काही चित्रीकरण तिथेच झाले होते. सप्टेंबर १९६६ मध्ये काम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी मालिका पडद्यावर आली. भाग एकूण १७. जागेचे नाव गुपित ठेवले होते. शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीत ते जाहीर झाले.

क्लॉफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२५ मध्ये ही जागा घेतली आणि पुढची पन्नास वर्षे तो तिथे बांधतच राहिला. ठिकठिकाणी जुने वाडे पाडले जात; त्यांचे खांब, कमानी, छते तो उचलून आणी. एमरल हॉल या वाड्याचे सतराव्या शतकातले नक्षीदार छत त्याने १९३३ मध्ये १३ पौंडांना घेतले आणि त्याच्याभोवती अख्खे सभागृह बांधले. ‘युनिकॉर्न’ नावाची इमारत समोरून सरदाराची हवेली वाटते, प्रत्यक्षात ती एकमजली बंगली आहे. काही खिडक्या तर नुसत्या रंगवलेल्या. मुळात फसवण्यासाठीच रचलेले हे गाव कॅमेऱ्याच्या हाती आयते लागले.

नायकाचे, म्हणजे सहा नंबरचे, घर पाहायला गेलेले चाहते दारातच चकित होतात. पडद्यावरची ऐसपैस खोली आत मावणेच शक्य नाही. ती बोरहॅमवुडच्या एमजीएम स्टुडिओत उभारली होती. तो स्टुडिओ १९७० मध्ये बंद पडला.

खाणीतले ग्रह

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेची तऱ्हा आणखी काटकसरीची. ऑगस्ट १९६४ मध्ये एका पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर डॅलेक, म्हणजे मालिकेतले यंत्रासारखे शत्रू, फिरवून घेतले. परग्रह हवा असेल तेव्हा मात्र दगडखाण ठरलेली. झाड नाही, घर नाही, तारेचा खांब नाही, खर्चही बेताचा. हा प्रकार इतका अंगवळणी पडला की १९७६ च्या ‘द हँड ऑफ फिअर’मध्ये डॉक्टर खऱ्याखुऱ्या खाणीतच उतरतो आणि सुरुंगाच्या तडाख्यात सापडतो.

डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील विन्स्पिट ही अशीच एक बंद पडलेली खाण. १९७९ मध्ये ती डॅलेकांचा स्कारो ग्रह झाली. वर्थ मॅट्राव्हर्स गावातून दरीच्या वाटेने उतरत समुद्राकडे गेले की ती लागते. कड्यात चौकोनी पोकळ्या आणि छताला आधार म्हणून खाणकामगारांनी शिल्लक ठेवलेले दगडी खांब, हे सारे पडद्यावर होते तसेच दिसते. काही गुहांची तोंडे आता बंद केली आहेत, कारण तिथे वटवाघळे राहतात.

पुसलेले पत्ते

न उरलेल्या जागांचीही नोंद हवी. ‘स्टार ट्रेक’मधला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग अनेक रसिकांना सर्वोत्तम वाटतो. त्यातला १९३० चा रस्ता कल्व्हर सिटीतल्या ‘फॉर्टी एकर्स’ या चित्रीकरण आवारातला. ‘गॉन विथ द विंड’मधले अटलांटाही तिथेच उभे राहिले आणि तिथेच जळले. १९७६ मध्ये ते आवार भुईसपाट झाले. ज्याला चित्रीकरणापलीकडे दुसरा उपयोग नव्हता, त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही. वास्केझ रॉक्स वाचले ते सार्वजनिक उद्यान म्हणून, पोर्टमेरियन टिकले ते हॉटेल म्हणून. मालिकांनी त्यांना प्रसिद्धी दिली. जगवले ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्याने.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ पाहिलेली पिढी आता मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाते. त्यांनी डिस्नेलँडमधून अर्धा दिवस काढून वास्केझ रॉक्सला जरूर जावे. उन्हाळा असेल तर सकाळीच जावे, पाणी जवळ ठेवावे आणि कपारीत हात घालू नये, कारण तिथे खुळखुळ्या साप असतात. निघण्याआधी ‘अरीना’ एकदा पाहावा, म्हणजे कॅमेरा कुठे ठेवला होता ते शोधता येईल. आणि फोटो काढून झाला की वास्केझचा आणि ततावियम लोकांचा इतिहासही वाचावा. कर्क तिथे पाहुणा होता, घर त्यांचे होते.